तपकिरी झाडाला नकार

सर जॉर्ज बोमाँट हे इंग्लंडातले मोठे रसिक. चित्रांचा संग्रह करायचे, स्वतः चित्रं काढायचे, तरुण चित्रकारांना घरी ठेवून घ्यायचे. निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या क्रेमोना व्हायोलिनसारखा असावा, असं त्यांचं ठाम मत होतं. जॉन कॉन्स्टेबलने त्यावर वाद घातला नाही. एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. आणखी एकदा बोमाँटनी त्याला विचारलं, की चित्रात तपकिरी झाड कुठे बसवायचं हे ठरवताना तुझी अडचण होत नाही का? कॉन्स्टेबल म्हणाला, मुळीच नाही, कारण तसलं झाड मी काढतच नाही.

चार्ल्स लेस्ली हा कॉन्स्टेबलचा चित्रकार मित्र. त्याने १८४३ मध्ये लिहिलेल्या चरित्रातले हे किस्से. तेव्हापासून ते सांगितले जातात आणि सांगता सांगता कॉन्स्टेबल हा जुन्यांना धाब्यावर बसवणारा बंडखोर ठरून जातो. मला तो तसा दिसत नाही. ज्या बोमाँटना त्याने व्हायोलिनचा धडा दिला, त्यांच्याच कोलऑर्टनच्या घरी १८२३ मध्ये तो कित्येक आठवडे मुक्काम ठोकून होता. कशासाठी? तर त्यांच्या संग्रहातल्या क्लोद लोराँच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी. क्लोद सतराव्या शतकातला. ज्या जुन्या उस्तादांच्या नावाने ही तपकिरी शिकवण चालायची, त्यांतलं पहिलं नाव त्याचंच. इकडे लंडनला बायको मराया लहान मुलांना घेऊन वाट बघतेय, पत्रांतून तिची नाराजी पोचतेय, आणि हा गृहस्थ तिकडे क्लोद उतरवून घेण्यात गुंग.

क्लोदच्या ‘हागार आणि देवदूत’ या छोट्या चित्रावर त्याचा जीव होता. बोमाँट ते प्रवासातसुद्धा बरोबर न्यायचे. त्यांची आई डेडम या गावी राहायची, कॉन्स्टेबलच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे विशीही न ओलांडलेल्या कॉन्स्टेबलने ते पाहिलं. पुढे १८२८ मध्ये त्याने ‘डेडम व्हेल’ हे मोठं उभं चित्र काढलं. उजवीकडे उंच झाडं, मधून वळत गेलेली नदी, लांबवर उजेड, ही सगळी बैठक क्लोदची. झाडांची पानं, नदीचं पाणी आणि चर्चचा मनोरा मात्र डेडमचा. त्याचा नकार क्लोदला नव्हताच. क्लोदवर शंभर-दीडशे वर्षं साचलेलं पिवळं पडलेलं व्हार्निश म्हणजेच क्लोद, असं समजून चालणाऱ्या डोळ्यांना होता.

प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक चित्रकार स्वतःशी प्रामाणिक असतो. म्हणजे तो नेमकं काय करतो, हे कुणी लिहीत नाही. कॉन्स्टेबलच्या बाबतीत ते लिहिता येतं. खिशात मावणाऱ्या वह्या, कागदावरची तैलरंगातली अभ्यासचित्रं, पुऱ्या आकाराची स्केचेस आणि मित्राला, बायकोला लिहिलेली ढीगभर पत्रं, असा त्याने स्वतःच्या कामाचा माग ठेवला आहे. हे पुस्तक त्या मागावरून चालतं. त्याचा खरेपणा त्याच्या बाणेदार उत्तरांत शोधू नये, कामाच्या रीतीत शोधावा, एवढंच मला म्हणायचं आहे. तो अनेकदा वाकला. कुठे वाकून चालेल आणि कुठे नाही, हे त्याला काम करता करता कळत गेलं.

जन्म ११ जून १७७६, सफोक परगण्यातलं ईस्ट बर्गहोल्ट. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल गावातले खाऊनपिऊन सुखी धान्यव्यापारी. स्टूर नदीवर फ्लॅटफर्ड आणि डेडम इथे त्यांच्या पाणचक्क्या, गावाबाहेरच्या माळावर एक पवनचक्की, पीठ वाहून न्यायला स्वतःच्या होड्या. थोरला भाऊ आजारी, त्यामुळे धंदा जॉनने सांभाळावा अशी अपेक्षा होती आणि त्याने वर्षभर गिरणीत काम केलंही. चरित्रकार हे वर्ष चटकन उरकतात, कारण त्यात कला नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्या चित्रकलेचा पाया त्या वर्षात घातला गेला. पवनचक्कीवरच्या माणसाला आभाळ वाचता यावंच लागतं. वारा कुठून येतो, केव्हा पडणार, कुठला ढग नुसता जाणार आणि कुठला शिडाच्या चिंध्या करणार, हे ज्याला कळत नाही त्याची चक्की मोडते. धाकटा भाऊ एब्रम याने पुढे गिरण्या सांभाळल्या. तो म्हणायचा, की इतरांच्या चित्रातल्या चक्क्या फिरतील की नाही याची खात्री नसते, जॉनने काढलेली चक्की फिरणार हे बघताक्षणी कळतं. गिरणीवाल्याने दिलेली ही पावती कुठल्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा मोलाची आहे.

गावात जॉन डनथॉर्न नावाचा एक नळकाम आणि काचकाम करणारा कारागीर होता. त्यालाही चित्रांचा नाद. दोघं सामान घेऊन शेतात जायचे. त्यांची शिस्त अशी, की एक दृश्य रोज ठरावीक वेळीच रंगवायचं. सावल्या सरकल्या की काम थांबवायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी त्याच घटकेला. उघड्यावर लँडस्केप केलेल्या कुणालाही यातली अडचण लगेच उमगेल. सावली सरकली तरी हात थांबत नाही. मग झाडाची सावली दहाची आणि भिंतीवरचं ऊन साडेअकराचं असं चित्र तयार होतं, आणि ते कुठेतरी खोटं आहे एवढंच बघणाऱ्याला जाणवत राहतं. त्या काळी रंगाच्या ट्यूबही नव्हत्या, त्या १८४१ नंतरच्या. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यायचा, टाचणीने भोक पाडून हवा तेवढा पिळायचा. पेटी मांडीवर, कागद झाकणाच्या आतल्या बाजूला टाचलेला. कॉन्स्टेबलची बरीचशी तैलस्केचेस एवढीशी दिसतात याचं कारण ते झाकण. कागदावर आधी तांबूस-तपकिरी अस्तर द्यायचा आणि त्यावर भराभर काम करायचा. पुष्कळ ठिकाणी ते अस्तर फटींतून तसंच डोकावतं. म्हणजे गंमत बघा, तपकिरी रंग त्याच्याकडे होताच. तो झाडात नव्हता, झाडाच्या मागे होता.

१७९९ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला. १८०२ मध्ये लष्करी महाविद्यालयात चित्रकला शिकवायची नोकरी चालून आली. पगार होता, राहायची सोय होती. अकॅडमीचे अध्यक्ष बेंजामिन वेस्ट यांनी सल्ला दिला, की ती घेतलीस तर मोठा चित्रकार होण्याची आशा सोड. त्याने नोकरी नाकारली. त्याच सुमारास डनथॉर्नला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःची झडती घेतली आहे. गेली दोन वर्षं मी चित्रांमागे धावतोय, दुसऱ्यांच्या नजरेतून सत्य उसनं घेतोय. आता बर्गहोल्टला येतो आणि समोर दिसतं ते रंगवतो, असा त्याचा आशय. सव्विसाव्या वर्षी असं लिहिणारे पुष्कळ असतात. पुढची चौदा वर्षं ते लिहिलेलं पेलणं अवघड असतं.

कारण त्या चौदा वर्षांत चित्रं जवळजवळ विकली गेली नाहीत. पोटासाठी त्याने आसपासच्या शेतकऱ्यांची व्यक्तिचित्रं केली, ब्रँटम आणि नेलंड इथल्या चर्चसाठी धार्मिक चित्रं केली. ती धार्मिक चित्रं, स्पष्टच सांगायचं तर, रद्दड आहेत. ती या पुस्तकात मुद्दाम घेतली आहेत. १८०९ पासून मराया बिकनेलवर प्रेम होतं, पण तिचे आजोबा बर्गहोल्टचे रेक्टर. नातीने कंगाल चित्रकाराशी लग्न केलं तर वारसा मिळणार नाही, असा त्यांचा दम. सात वर्षं दोघं पत्रांवर जगले. १८१६ मध्ये वडील वारले, धंद्यातला वाटा मिळाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लग्न झालं. लग्न लावलं जॉन फिशर या धर्मगुरू मित्राने. फिशरचं नाव पुढे वारंवार येईल. कॉन्स्टेबलने स्वतःच्या कामाबद्दल जे काही शहाणपणाचं लिहिलं आहे ते बहुतेक या एका माणसाला उद्देशून.

लग्नाच्या खर्चाला हातभार लागला तो ‘विव्हनहो पार्क’ या चित्राचा. जनरल रिबो यांनी आपल्या इस्टेटीचं चित्र काढायला सांगितलं. यजमानांना तळ्याकाठची कृत्रिम गुहा हवी होती, घर हवं होतं आणि दूरवरचं हरणांचं घरही हवं होतं. हे सगळं एका नजरेच्या टप्प्यात मावत नाही. कॉन्स्टेबलने कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या आणि सगळं मावेल एवढं दृश्य लांबवलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं हे चित्र आज त्याच्या उत्तम चित्रांत गणतात. गिऱ्हाइकाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यात आहे. पण तळ्यावरून वाहणारी झुळूक, ढगांच्या सरकत्या सावल्या आणि कुंपणापाशी चरणाऱ्या गाई यांच्यात कुठेही हुकमाचं ओझं दिसत नाही. कुठे वाकून चालेल, याचं हे एक उत्तर.

आता ‘हे वेन’कडे वळतो. बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर आणि जिगसॉ कोड्यांवर ते इतकं छापलं गेलं आहे की ते पाहणंच अवघड झालंय. स्टूरच्या काठाचं दृश्य, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गवताची गाडी, लांब उजवीकडे कुरणात कापणी करणारी इवलीशी माणसं. काठावर एक कुत्रं. मापं १३०.२ गुणिले १८५.४ सेंटीमीटर. प्रदर्शनातलं मूळ नाव ‘निसर्गदृश्य: दुपार’. बघणाऱ्याला वाटतं, माणूस नदीकाठी बसला आणि जुलैतल्या एखाद्या दुपारी हे काढून मोकळा झाला.

वस्तुस्थिती अशी. १८२० च्या नोव्हेंबरात कॉन्स्टेबलच्या डोक्यात वॉटर्लू पुलाच्या उद्‌घाटनाचं चित्र होतं. राजा, थेम्स, सजवलेल्या होड्या, सगळा थाट. जोसेफ फॅरिंग्टन या जुन्याजाणत्या चित्रकाराने सांगितलं, की ते बाजूला ठेव, गेल्या प्रदर्शनासारखा सफोकचाच विषय घे. तेव्हा जगातलं सर्वात ‘आपलं’ वाटणारं हे चित्र दुसऱ्याच्या सल्ल्यावरून सुरू झालं. ते रंगवलं लंडनमध्ये, केपेल स्ट्रीटवरच्या घरात, थंडीच्या दिवसांत. विली लॉटच्या घराचं तैलस्केच त्याच्याकडे काही वर्षांपूर्वीचं होतं, ते कुत्रंही त्याच स्केचमधलं. मग एक छोटं स्केच, मग मूळ चित्राएवढ्याच आकाराचं पूर्ण स्केच, आणि त्यानंतर चित्र. पुऱ्या आकाराचं तैलस्केच करायची रीत त्याच्या आधी निसर्गचित्रकारांत नव्हती. सहा फुटी कॅनव्हास दोनदा भरायचा, त्यातला एक कुणाला दाखवायचाही नाही! गाडीपाशी आल्यावर तो अडला. अशी गाडी नेमकी कशी जोडलेली असते, हे त्याला आठवणीवर सोडवेना. गावी निरोप गेला आणि डनथॉर्नच्या मुलाने फेब्रुवारीच्या गारठ्यात गाडीची रेखाटनं करून दिली, ती एब्रमने लंडनला पाठवली.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रात गाडी पाण्यात उभी आहे, निम्मी चाकं बुडालेली. जोडकाम जरा चुकलं असतं तर लंडनच्या प्रदर्शनात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. लक्षात आलं असतं ते गिरणीवाल्याच्या एका मुलाच्या. तिथे तो वाकला नाही. उलट जे ‘खरंच तिथे होतं’ ते पुसायला मात्र त्याला काही वाटलं नाही. पुढच्या काठावर आधी एक घोडेस्वार होता. तो काढून तिथे पिंप आलं. मग पिंपही गेलं, आणि नीट पाहिलं तर पाण्याच्या रंगाखाली त्याची पुसट खूण अजून दिसते. घोड्यांच्या सामानावर थोडा तांबडा रंग आहे. तो थेंबभर तांबडा नसता तर एवढा हिरवा डोळ्यांना पेलवला नसता. चित्रकाराने काय बदललं याचा हिशेब मांडत बसलो तर खोटेपणाची यादी होईल. काय बदललं नाही ते बघावं.

१८२१ मध्ये रॉयल अकॅडमीत चित्र लागलं आणि न विकता घरी परत आलं. १८२४ मध्ये ॲरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने ते इतर दोन चित्रांसकट २५० पौंडांना नेलं. पॅरिसच्या ‘सालों’ प्रदर्शनात त्यावर लोकांच्या उड्या पडल्या आणि राजा दहाव्या चार्ल्सने सुवर्णपदक दिलं. कॉन्स्टेबल पदक घ्यायला गेला नाही. तो जन्मात इंग्लंडबाहेर पडला नाही.

आभाळाबद्दल या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडंच. मरायाची छाती नाजूक, लंडनची हवा मानवेना, म्हणून १८१९ पासून ही मंडळी हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर घर भाड्याने घेऊ लागली. तिथे १८२१ आणि १८२२ या दोन हंगामांत त्याने ढगांची अभ्यासचित्रं काढली. एकट्या १८२२ मध्ये पन्नासच्या आसपास. बऱ्याच चित्रांत जमीन नाही, झाडाचा शेंडाही नाही, नुसतं आभाळ. मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पुढे पाऊस आला की उघडलं, याची नोंद. ल्यूक हॉवर्डने ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं देऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. कॉन्स्टेबलकडे थॉमस फॉर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक होतं, त्याच्या समासात त्याने टिपणं केली आहेत, क्वचित लेखकाशी भांडलाही आहे. आभाळ म्हणजे वस्तूंमागे टांगलेली पांढरी चादर समज, असा सल्ला त्याला मिळायचा. फिशरला त्याने कळवलं, की चित्राचा सगळा भाव आभाळ ठरवतं, ते दुय्यम कसं असेल? तोच सूर धरून पुढे असंही लिहिलं, की आपल्या ओळखीच्या जागाच आपल्याला उत्तम रंगवता येतात.

याच आभाळावरून बिशपांशी खटका उडाला. सॉल्सबरीचे बिशप हे मित्र फिशरचे काका. त्यांनी आपल्या बागेतून दिसणाऱ्या कॅथीड्रलचं चित्र मागितलं. १८२३ मध्ये ते प्रदर्शनात लागलं, पण कळसामागचा काळा ढग बिशपांना रुचला नाही. निरभ्र आभाळ हवं, असा निरोप आला. आता बंडखोर चित्रकाराने इथे दार आपटायला हवं होतं. कॉन्स्टेबलने दुसरं चित्र करायला घेतलं, उजळ आभाळाचं. ते पुरं होण्याआधीच १८२५ मध्ये बिशप वारले. आज ढगाळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि उजळ चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात. शेजारी शेजारी दोन्ही या पुस्तकात छापली आहेत. उजळ आभाळही खोटं नाही, तसं आभाळ त्याने शंभरदा पाहिलं होतं. पहिल्या चित्रातला ढग मात्र त्याने पुसला नाही.

समीक्षकांनी त्याला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ओल्या पानांवरची चकाकी दाखवायला तो पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके मारायचा. लोक त्याला ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणू लागले. अकॅडमीतले फ्युझेली म्हणायचे, याच्या चित्रासमोर उभं राहायचं तर ओव्हरकोट आणि छत्री आणा. (टोमणा म्हणून म्हटलं असेल, मला तर ती दाद वाटते.) एकदा प्रदर्शनाआधीच्या शेवटच्या दिवशी शिल्पकार चँट्री आला, चित्राचा पुढचा भाग फार थंड आहे म्हणाला, कॉन्स्टेबलच्याच हातातली पॅलेट घेतली आणि डांबरी तपकिरी रंगाचा पातळ हात सगळ्या गवतावर फिरवून निघून गेला. गेलं माझं सगळं दव, असं कॉन्स्टेबल म्हणाल्याचं लेस्ली लिहितो. नंतर त्याने तो थर खरवडून काढला. तपकिरी झाड असं कुठूनही येतं, मित्राच्या हातूनसुद्धा.

आणि १८३० ची हकिकत. तोवर तो अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला होता, तोही एका मताने निवडून आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी. सदस्यांची चित्रं निवड समितीपुढे जात नसत. ‘सॉल्सबरीजवळची पाणथळ कुरणं’ हे त्याचं छोटं चित्र मात्र चुकून बाहेरच्या लोकांच्या गठ्ठ्यात गेलं आणि समितीपुढे आलं. समितीत खुद्द कॉन्स्टेबल बसलेला. हे हिरवं ओंगळ काहीतरी हटवा इथून, असं एक जण म्हणाला आणि नकाराची खूण झाली. मग चित्र कुणाचं ते उघड झालं. सगळे ओशाळले, निर्णय फिरवतो म्हणाले. कॉन्स्टेबलने फिरवू दिला नाही. चित्र बाहेर ठेवलं गेलं. यात मानीपणा आहे, थोडा आकसही आहे. तो काही संतमहात्मा नव्हता. जिभेचा तिखट होता आणि अपमान वर्षानुवर्षं जपून ठेवायचा. पण ते ‘हिरवं ओंगळ’ चित्र एकदा बघाच. पाणी, गवत, काठावरची झाडं, बस्स. देखावा म्हणावा असं काहीही त्यात नाही, आणि तरी मला ते त्याच्या मोठ्या कॅनव्हासांपेक्षा अधिक जवळचं वाटतं.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. १८२२ मध्ये सफोकमधले शेतमजूर उपाशी होते, मळणी यंत्रं फोडली जात होती, गंज्यांना आगी लागत होत्या. गावाकडून एब्रम कळवत होता, की रात्री जवळ किंवा लांब आग दिसली नाही असं होत नाही. कॉन्स्टेबलच्या चित्रांत यातलं काहीही नाही. त्याची माणसं लहान, लांब आणि आपापल्या कामात मग्न असतात. तो मालकाचा मुलगा होता, राजकीय मतांनी कट्टर सनातनी, १८३२ च्या मतदान सुधारणांनाही त्याचा विरोध. अलीकडच्या अभ्यासकांनी यावर बोट ठेवलं आहे आणि ते बरोबरच आहे. माणूस स्वतःशी पूर्ण खरा राहूनही समोरचं अर्धंच बघू शकतो. आपल्या बालपणीची स्टूर त्याने खरी रंगवली. त्या स्टूरवर राबणाऱ्यांची स्टूर त्याला दिसली नाही. हे लक्षात ठेवून चित्रं बघितली तर ती लहान होत नाहीत, फक्त त्यांची हद्द कळते.

मराया १८२८ च्या नोव्हेंबरात क्षयाने गेली. सात मुलं मागे ठेवून. पुढच्याच वर्षी आलेलं ‘हॅडली कॅसल’ हे पडक्या किल्ल्याचं चित्र १८१४ मधल्या एका पेन्सिल रेखाटनावरून केलेलं आहे. पंधरा वर्षं वहीत पडून राहिलेली जागा अचानक कामी आली. रंग आता पॅलेट नाइफने खरवडून, थापून लावलेला. अकॅडमीचं सदस्यत्व मिळालं तेव्हा, आता हे सांगायला ती नाही, एवढंच त्याला वाटलं. शेवटच्या वर्षांत डेव्हिड लुकास या खोदकाराकडून त्याने आपल्या बावीस चित्रांचे मेझोटिंट ठसे काढून घेतले आणि त्या संग्रहाला स्वतः प्रस्तावना लिहिली, पुन्हा पुन्हा खोडून लिहिली. संग्रह खपला नाही, पदरचे पैसे गेले. थेम्सवरच्या त्या पुलाच्या चित्राशीही तो तेरा वर्षं झटापट करत राहिला. १८३२ मध्ये ते प्रदर्शनात आलं. माझं मत विचाराल तर ते त्याचं चित्र नव्हे. थाट आहे, पण त्या पाण्याचा त्याला आवाज ऐकू येत नव्हता. ३१ मार्च १८३७ च्या रात्री तो गेला.

मराठी वाचकाला हे सारं कशासाठी, असं कुणी विचारेल. इंग्रजी निसर्गचित्रांची रीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आपल्याकडे आली आणि इथे रुजली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथेच शिकले आणि परत गावी जाऊन रंकाळ्याचा परिसर रंगवत राहिले. आज दर रविवारी शेकडो मुलं-मुली पेट्या घेऊन वाईच्या घाटावर, नाशिकला गोदाकाठी, पुण्याच्या पेठांत लँडस्केप करायला बसतात. हात तयार असतो. प्रात्यक्षिकांत तासाभरात घाट उभा राहतो आणि टाळ्या पडतात. आणि प्रत्येक घाटावर तेच सोनेरी ऊन, तेच जांभळे आडोसे, पायरीवर तीच लाल साडी. आमचं तपकिरी झाड आता जांभळं झालंय इतकंच. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. परंपरेतून आलेली युक्ती कॉन्स्टेबलनेही वापरली. पण ती वापरायची की नाही हे दर वेळी त्या घाटाकडे बघून ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच घाटावर पुन्हा पुन्हा जावं लागतं, जिथे लोक आता आपल्याकडे वळूनही बघत नाहीत इतक्या वेळा.

शेवटी थोडं पुस्तकाच्या मांडणीविषयी. चित्रं काळानुसार लावलेली नाहीत, जागांनुसार लावली आहेत: फ्लॅटफर्ड, डेडम, हॅम्पस्टेड, सॉल्सबरी, ब्रायटन. प्रत्येक जागेची आधी रेखाटनं, मग तैलस्केचेस आणि शेवटी प्रदर्शनातलं चित्र, अशा क्रमाने ती बघावीत. पत्रांतला मजकूर शब्दशः न देता त्याचा आशय सांगितला आहे. कॉन्स्टेबलची मुलगी इझाबेल हिने १८८८ मध्ये घरात उरलेली चित्रं, स्केचेस आणि रेखाटनं राष्ट्राला देऊन टाकली, म्हणून हा सगळा माग आज काढता येतो. छपाईत हिरवा रंग सांभाळायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, तरी तो थोडा पिवळ्याकडे झुकलाच. लंडनला जाणं झालं तर ‘हे वेन’ नॅशनल गॅलरीत बघा, आणि त्याचं पुऱ्या आकाराचं स्केच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. दोन्हीकडे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात दोन्ही होतात.